फोटोमागची ओळ

थोरलीचं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं होतं. दुकानांच्या साइटवर जे फोटो असतात ते तिच्याकडे यायचे तेव्हा जाडजूड, आळशी, उघडायला चार-चार सेकंद लावणारे असायचे, आणि तिच्या हातून जायचे ते सडपातळ होऊन. आधी फोटो कापायचा, मग त्याचं वजन उतरवायचं, मग कॅमेऱ्याने दिलेलं आकड्यांचं नाव पुसून माणसाला कळेल असं नाव द्यायचं, आणि शेवटी फोटोमागे एक ओळ लिहायची. ही ओळ साइटवर दिसत नाही. ती असते दोघांसाठी. एक सर्च इंजिन, कारण त्याचा भरवसा शब्दांवर जास्त. आणि दुसरी ती माणसं ज्यांना दिसत नाही, कारण त्यांचा फोन ती ओळ मोठ्याने वाचून दाखवतो. धंद्यातले सगळे पहिल्यासाठी लिहितात. दुसऱ्यांचं नाव फक्त शिकवणीच्या पहिल्या दिवशी निघतं, आणि तेही चहाच्या आधी.

अकरा वर्षं थोरली हेच करत होती. अकरा वर्षांत तिने गाद्या, नळ, चपला, कुत्र्यांचे पट्टे पाहिले होते, आणि एकदा तर सलग दोन महिने नुसत्या बिजागऱ्या. बिजागरीकडे बघून दोनशे वेगवेगळ्या ओळी लिहून दाखवा, म्हणजे माणूस कशाने थकतो ते कळेल. तिची मान आता कायमची एका बाजूला कललेली होती आणि उजव्या मनगटाला पट्टा होता. रस्त्याने चालतानासुद्धा तिच्या डोक्यात ओळी तयार व्हायच्या: हिरवा लोखंडी दरवाजा, घरासाठी दरवाजा, मजबूत दरवाजा. दरवाजा मागे पडायचा तरी ओळ संपायची नाही.

थोरली म्हणजे दोन बहिणींतली थोरली. धाकटी लग्न करून लांब गेली आणि तिथून फोनवर काळजी करू लागली. थोरलीने लग्न केलं नाही, ती घरी राहिली, आणि घरी राहणाऱ्याच्या वाट्याला जे येतं ते निमूटपणे तिच्या वाट्याला आलं. तिची तक्रार नव्हती. म्हणजे होती, पण ती करायला वेळ काढावा लागला असता.

आई शेजारच्या खोलीत असायची. मधलं दार उघडंच असायचं, कारण बंद केलं की आईला अपमान वाटायचा. उघड्या दारातून थोरलीला आईचे पाय दिसायचे आणि आईला थोरलीच्या टायपिंगचा आवाज ऐकू यायचा. एवढ्यावर दोघींचा दिवस जायचा. सकाळी डोळ्यांत थेंब, दुपारी जेवण, चारला चहा, रात्री पुन्हा थेंब; मधल्या वेळात 'आई, काही हवंय का' आणि 'काही नको, तू कर तुझं काम.'

ही आई एका छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासत होती. मूळ मजकूर एक जण मोठ्याने वाचायचा आणि आई छापलेल्या कागदावरून बोट फिरवत ऐकायची. कानाला आणि डोळ्याला जिथे वेगळं लागेल तिथे तिची पेन्सिल थांबायची. मग समोर आठ पानांचं पत्रक असो की आठशे पानांचा ग्रंथ, लिहिणारा केवढाही मोठा असो, तिला त्याचं काही नसायचं. एका विद्वान गृहस्थांनी पुस्तकात आपल्या वडिलांना दोनदा मारलं होतं, एकदा बाराव्या प्रकरणात आणि एकदा एकोणिसाव्या. ते आईने पकडलं आणि त्यांना विचारलं, 'नक्की कधी गेले ते सांगा, म्हणजे दुसऱ्यांदा त्रास नको.' ही गोष्ट ती अजून सांगायची आणि अजून हसायची.

तीन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध धुरकट डाग आला आणि पसरत गेला. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. दाराची चौकट दिसायची, पण दारात उभं असलेलं माणूस दिसायचं नाही. धाकटी मागच्या खेपेला आली तेव्हा तिने आईच्या फोनमध्ये वाचून दाखवणारा आवाज चालू करून दिला. आई त्या आवाजाला 'फोनबाई' म्हणायची. पडद्यावर बोट उजवीकडे सरकवलं की फोनबाई पुढचं वाचायची, डावीकडे सरकवलं की मागचं पुन्हा. आई वर्तमानपत्र ऐकायची, पाककृती ऐकायची, औषधांची माहिती ऐकायची आणि फोनबाईला दिवसभर झापायची. 'अगं, श्वास घे की मध्ये,' असं शेजारच्या खोलीतून ऐकू आलं की थोरली समजायची, आईचं बरं चाललंय.

आता त्या फोटोची गोष्ट.

मागच्या वर्षी थोरलीकडे एका खुर्चीवाल्यांचं काम आलं. म्हाताऱ्या माणसांना आरामात बसता येईल आणि कुणाचा हात न धरता उठता येईल अशा खुर्च्या ते बनवायचे. फोटो काढणं हे काही थोरलीचं काम नाही. पण त्यांनी ज्या बाईला बसायला बोलावलं होतं ती आलीच नाही, आणि खुर्चीवाल्यांनी गळ घातली की एक खुर्ची पाठवतो, घरीच काढा, तुमच्याकडे म्हातारं माणूस आहे ना. थोरलीने खुर्ची खिडकीशी ठेवली, आईला बसवलं आणि चार मिनिटांत काम उरकलं. तिसरा फोटो चांगला आला होता. खिडकीतून तिरपा उजेड, आईचं डोकं थोडं मागे, डोळे मिटलेले, एक हात खुर्चीच्या हातावर आणि एक मांडीत उताणा.

फोटो कापला, हलका केला, आणि मग ओळ लिहायची वेळ आली. या धंद्यात फोटोत काय आहे ते लिहायचं नसतं; लोक काय शोधतात ते लिहायचं असतं. त्यासाठी आकडे बघायची सोय असते. थोरलीने 'आरामखुर्ची' टाकून पाहिलं. महिन्याला नव्वद माणसं शोधत होती. 'म्हाताऱ्यांसाठी खुर्ची' एकशे दहा. मग तिने जरा इकडेतिकडे पाहिलं, शब्द फिरवून बघितले, आणि एका ठिकाणी आकडा एकदम उडी मारून वर गेला. 'एकटी म्हातारी' हे शब्द महिन्याला चौदा हजार माणसं शोधत होती. वर्तमानपत्रवाले, संस्थावाले, सकाळी उठून दुसऱ्यांना दुःखी संदेश पाठवणारे, कोण कोण असतील ते. त्या दिवशी अजून साठ फोटो बाकी होते. थोरलीने फोटोला नाव दिलं 'एकटी-थकलेली-म्हातारी-झोपलेली-आरामखुर्ची-०३' आणि मागची ओळही तीच लिहिली, मधल्या रेघा आणि आकडा काढून. मग ती पुढच्या फोटोकडे वळली. हे लिहिताना ती आईबद्दल लिहीत होती असं तिला खरोखरच वाटलं नाही. वाटलं असतं तर निदान बरं म्हणता आलं असतं.

तीन आठवड्यांत फोटो पहिला आला. पहिला म्हणजे अगदी पहिला; कुणीही एकटी म्हातारी शोधली की आधी थोरलीची आई दिसायची. आणि गंमत म्हणजे खुर्च्याही विकल्या गेल्या. लांब राहणारी मुलंमुली कशासाठी तरी काहीतरी शोधायची, हा फोटो समोर यायचा, आणि आपण गेल्या रविवारी फोन केला नव्हता हे आठवायचं. मग ती खुर्ची मागवायची. फोन करण्यापेक्षा ते सोपं पडत असावं. खुर्चीवाले खुश झाले आणि त्यांनी आणखी तीनशे ऐंशी फोटोंचं काम थोरलीला देऊन टाकलं.

या धंद्यात एक रीत आहे. वर आलेल्या फोटोला हात लावायचा नाही. नाव बदलायचं नाही, ओळ बदलायची नाही, आकारसुद्धा जिथल्या तिथे. तो का वर आला हे कुणालाच धड ठाऊक नसतं, त्यामुळे कशाने खाली येईल हेही ठाऊक नसतं. शिकलेसवरलेले लोक या बाबतीत चुलीवरच्या दुधाला जपावं तसे वागतात. थोरलीही तशीच वागली. तो फोटो तिने वर्षभर पुन्हा उघडला नाही.

आणि मग एका सोमवारी थोरली न्हाणीघरात असताना तिचा फोन वाजला आणि तो आईने घेतला. खुर्चीवाल्यांचा आवाज कोठारातून बोलल्यासारखा घुमायचा. ते म्हणाले, "अहो आई, तुमचं अभिनंदन! तुमचा फोटो वर्षभर पहिल्या नंबरावर आहे. लाखो लोकांनी पाहिलाय तुम्हाला."

थोरली केस पुसत बाहेर आली तर आई ताठ बसलेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण चेहरा शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलीचा.

"मला सांगितलं नाहीस," आई म्हणाली.

"काय?"

"मी पहिली आले ते."

त्या दिवसापासून आईला दुसरा विषय राहिला नाही. शेजारच्या काकूंना सांगून झालं, डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगून झालं, धाकटीला तर दोनदा. 'नुसती बसले होते हो मी,' असं ती म्हणायची, म्हणजे ऐकणाऱ्याने म्हणावं, 'छे छे, नुसतं कसं!' एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांत राबली, पण कुठल्याच पुस्तकावर तिचं नाव नव्हतं. आता कुठे तिचं काहीतरी छापून आलं होतं. आणि तिला ते ऐकायचं होतं.

"फोनबाईला फोटोचंही वाचता येतं म्हणे," ती म्हणाली. "धाकटीने सांगितलं. फोटोमागे ओळ असते. माझ्यामागे काय लिहिलंय?"

थोरलीने टायपिंग थांबवलं नाही. "आठवत नाही गं. साधंच असेल काहीतरी."

"मग लाव. ऐकू."

"आत्ता नको, साइटचं काम चालू आहे."

मंगळवारी साइटचं काम चालू होतं. बुधवारी इंटरनेट हळू होतं. गुरुवारी थोरलीचं डोकं दुखत होतं, आणि ते मात्र खरं होतं. खोटं बोलायचाही शीण येतो, आणि रोज नवीन शोधायचं म्हणजे आणखीच. एकदा आई ते शब्द ऐकणार, या विचाराने तिला रात्री झोप लागेना. एकटी. थकलेली. म्हातारी. शेजारच्या खोलीत, उघड्या दारापलीकडे बसलेल्या बाईबद्दल तिच्या पोटच्या मुलीने जगाला हे सांगितलं होतं, आणि जगाने ते उचलून धरलं होतं.

शुक्रवारी सकाळी तिने खुर्चीवाल्यांना फोन लावला.

"त्या पहिल्या फोटोची ओळ बदलायची होती," ती म्हणाली. "थोडीशीच."

मग खुर्चीवाले हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, दुसरं काहीही मागा. मी तर ते पान उघडतानासुद्धा हळूच उघडतो."

"आईला आवडणार नाही ती ओळ."

"त्यांना कशाला सांगताय?"

"ती ऐकते. फोनवर."

"मग ऐकवू नका ना," खुर्चीवाले म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्याच्या दृष्टीने ते सोपंच होतं. "फोटो खाली आला तर मलाही पुढच्या फोटोंचा विचार करावा लागेल, ताई. राग मानू नका."

थोरलीने राग मानला नाही, तेवढंही बळ नव्हतं. ती लॅपटॉपपुढे बसली आणि तिला एक युक्ती सुचली. सर्च इंजिन या साइटवर रोज पहाटे फेरी मारून जायचं, हे तिला माहीत होतं. दुपारी तासाभरासाठी ओळ पुसली आणि आईचं ऐकून झाल्यावर जशीच्या तशी परत लावली, तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. फोटोमागे ओळच नसली तर फोनबाई गप्प बसेल. आईला म्हणू, तुझ्या फोटोचं वाचत नाही बघ ती, काहीतरी बिघाड असेल. आई जरा खट्टू होईल, पण खट्टू झालेली परवडली.

चारच्या चहाला ती स्वतःहून म्हणाली, "चल, ऐकायचं ना तुला?"

आईने पदराने तोंड पुसलं, जणू पडद्याआडून कुणी तिला बघणार होतं. थोरलीने ओळ पुसली, पान आईच्या फोनवर उघडून दिलं आणि पलंगाच्या कडेवर टेकली. पूर्ण बसली नाही.

फोनबाई सुरू झाली. खुर्चीचं नाव, खुर्चीची उंची, खुर्चीचं कापड. मग फोटो. "फोटो. तपकिरी आरामखुर्ची, स्वस्त आरामखुर्ची, म्हाताऱ्यांसाठी तपकिरी आरामखुर्ची."

"आरामखुर्ची तीनदा आलं," आई म्हणाली. "कुणी तपासत नाही का?"

"मुद्दाम घालतात तसं."

"मुद्दाम?" आईने मान हलवली. "आमच्याकडे असल्या माणसाला घरी पाठवलं असतं."

तिने बोट सरकवलं. करडी आरामखुर्ची. पुन्हा सरकवलं. खुर्चीचा दांडा, जवळून. थोरली चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि आता पुढचा, आता पुढचा, असं मोजत होती. आईचं बोट सरकलं.

"फोटो," फोनबाई म्हणाली. "एकटी. थकलेली. म्हातारी. झोपलेली. आरामखुर्ची. शून्य तीन. जेपीजी."

थोरलीला आधी कळेचना. ओळ तर पुसली होती! मग तिला उमगलं आणि तिने कपाळाला हात लावला. फोटोमागे ओळच सापडली नाही, तर फोन फोटोच्या फाइलचं नाव वाचतो. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. नवीन येणाऱ्यांना ती हे स्वतः शिकवायची: ओळ विसरलात तर बिचारा फोन नाव वाचत बसतो, म्हणून ओळ विसरू नका. अकरा वर्षं दुसऱ्यांना सांगितलेली गोष्ट, आणि नेमकी स्वतःच्या वेळी विसरून ती तोंडघशी पडली.

आईने बोट डावीकडे सरकवलं. संशय आला की दोनदा वाचायचं, ही तिची सवय.

"फोटो. एकटी. थकलेली. म्हातारी. झोपलेली. आरामखुर्ची. शून्य तीन. जेपीजी."

आईने फोन मांडीत पालथा ठेवला. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"हे मीच का?" आईने विचारलं.

"हो."

"कुणी लिहिलं?"

मशीन लिहितं, असं थोरलीच्या ओठांवर आलं होतं. आईने विश्वासही ठेवला असता. हल्ली सगळं मशीनच लिहितं असं लोक म्हणतात. पण इतके दिवस खोटं बोलून ती एवढी दमली होती की नवीन काही बाहेर पडेना.

"मी," ती म्हणाली.

आईच्या चेहऱ्यावरचा तो बक्षिसाचा आनंद गेला होता, आणि तो गेलेला बघणं थोरलीला सहन होईना. तिला लाज वाटली. अशी लाज लहानपणी खोटी सही केल्यावर वाटली होती, पण तेव्हा निदान मार खाऊन सुटका झाली होती.

"लोक तेच शोधतात, आई," ती म्हणाली. "म्हणून लिहायचं असतं. तुझ्याबद्दल असं काही नव्हतं माझ्या मनात."

"किती लोक शोधतात?"

"महिन्याला चौदा हजार."

"आणि आरामखुर्ची?"

"नव्वद."

"चौदा हजार माणसं एकटी म्हातारी शोधतात," आई म्हणाली. "सापडल्यावर काय करतात?"

"काही नाही. फोटो घेतात आणि जातात."

"हं." आईने हात पुढे करून बशी चाचपली आणि कप तिच्यात ठेवला. मग तिचा आवाज बदलला. थोरलीला तो आवाज ओळखीचा होता. लहानपणी शाळा सुटल्यावर ती छापखान्यात जाऊन बसायची तेव्हा ऐकलेला, कोरडा, कामाचा. "घे, मजकूर घे समोर. एकेक शब्द बघू."

"आई, राहू दे. मी काढते सगळं."

"सगळं कशाला काढतेस? जे चूक आहे ते काढायचं. म्हातारी. बरोबर आहे, राहू दे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला दुसरं काय म्हणणार? थकलेली." ती थांबली. "राहू दे. झोपलेली, हे चूक. मी झोपले नव्हते. खिडकीतला उजेड डोळ्यांना टोचत होता म्हणून मिटले होते. तू विचारलं नाहीस."

"नाही विचारलं."

"आता एकटी." आईने मान वळवली. डोळ्यांच्या कडेने तरी दिसावं म्हणून ती अशी मान वळवायची, त्यामुळे ती भलतीकडेच बघतेय असं वाटायचं, पण बघत थोरलीकडेच असायची. "फोटो कुणी काढला?"

"मी."

"म्हणजे तू समोर होतीस."

"होते."

"मग फोटोतली बाई एकटी कशी?"

थोरलीने कप खाली ठेवला.

"फोटोतल्या बाईबद्दल लिहायचं असेल तर तो शब्द काढ," आई म्हणाली. "माझ्याबद्दल लिहायचं असेल तर राहू दे."

ती हे रागाने म्हणाली नाही. आवाजात टोमणा नव्हता. बाराव्या प्रकरणात वडील वारले असतील तर एकोणिसाव्यात वारू शकत नाहीत, हे जसं सांगावं तसं तिने सांगितलं. थोरलीला रडू आलं. तिने ते थांबवलं नाही, फक्त आवाज होऊ दिला नाही, आणि मग तिच्या लक्षात आलं की आवाज न होऊ देऊन काही उपयोग नाही, आईचे कान शाबूत होते.

तिने शेजारच्या खोलीतून लॅपटॉप आणला. फोटोचं नाव बदलायचं म्हणजे ओळ बदलण्यापेक्षा वाईट. नाव बदललं की सर्च इंजिनच्या लेखी जुना फोटो मेला आणि नवा जन्मला. पहिला नंबर गेलाच. उद्या पहाटे फेरी होईल, दोन-चार दिवसांत खुर्चीवाल्यांचा फोन येईल, आणि तो काय म्हणेल हे तिला आत्ताच ऐकू येत होतं. जिथे जिथे लोकांनी तो फोटो जुन्या नावासकट उचलून नेला होता, तिथून तर तो शब्द कुणालाच काढता येणार नव्हता. तरी तिने निदान आपल्या हातातलं नाव पुसलं. रिकाम्या चौकटीत रेघ उघडझाप करत राहिली.

"काय लिहू?" तिने विचारलं.

आईने विचार केला. छापखान्यात तिला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. तिथे फक्त खोडायचं असायचं.

"लिही," ती म्हणाली. "म्हातारी आरामखुर्चीत डोळे मिटून बसली आहे. समोर तिची मुलगी आहे."

थोरलीने लिहिलं. नाव दिलं, मागची ओळ लिहिली, आणि पान पुन्हा आईच्या फोनवर उघडलं. फोनबाईने ते जसंच्या तसं वाचलं. आईने ते दोनदा ऐकलं.

"असं किती लोक शोधतात?" तिने विचारलं.

थोरलीने आकडा बघितला नाही, बघायची गरज नव्हती. "कुणीच नाही, आई."

"बरं," आई म्हणाली. तिने फोन उशीखाली सारला आणि पलंगावर हाताने चाचपून थोरली कुठे टेकली आहे ते पाहिलं. थोरली अजून कडेवरच होती, उठायच्या बेतात. मांडीवरच्या लॅपटॉपवर सत्तर फोटो उघडे होते.

"ठेवलंस ना तसं? 'समोर मुलगी आहे'?"

"ठेवलं."

"मग बस आता इथे," आई म्हणाली. "मजकूर खोटा नको व्हायला."

थोरलीने लॅपटॉप मिटला आणि पाय वर घेऊन ती आईच्या समोर बसली.